पांढऱ्या टोप्यांची राजधानी

‘बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवण्यात आली.’ नांदेडच्या एका शाळेत हे वाक्य मी इतकी वर्षं शिकवतोय, की ती राजधानी मीच ट्रॅक्टर लावून हलवली असावी असं पोरांना वाटतं. का हलवली? कारणे लिहा, गुण तीन. हवा थंड, पाणी गोड, जागा मध्यावर. पोरं लिहितात, मी गुण देतो, दोघंही सुखी. अडचण एवढीच होती की मी बिदर पाहिलेलं नव्हतं. नांदेडहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत माणूस पोचतो. पण जवळच्या गावाला माणूस कायम उद्या जातो. शिवाय ‘आम्ही बिदरला गेलो होतो तेव्हा’ अशी सुरुवात करून मी वर्गात इतके तास रंगवले होते, की आता खरंच जायची सोय उरली नव्हती.

यंदा होळीच्या आधी भाचीचा फोन आला आणि जावंच लागलं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. लातूरच्या एका कॉलेजात शिकवते. तिथंच शिकवणारा एक मुलगा तिला पसंत पडला. मुलगा आपल्यातला, शिकलेला, निर्व्यसनी. दोष एकच, की त्याचं घर बिदरला. आणि औशाजवळच्या शिवारात सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या दाजींच्या मते बिदर म्हणजे परमुलूख. राज्य दुसरं, पाट्या दुसऱ्या, लेक दिली की गेली. अक्कानं चार दिवस अबोला धरला तेव्हा कुठं दाजी इतकं म्हणाले की घर बघून येतो, पण पाणी घेणार न्हाई.

हे पाण्याचं समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पाण्यावरच आहे. दाजींच्या घरची जुनी रीत अशी, की सोयरीक ठरेपर्यंत मुलीकडच्यानं मुलाच्या घरचं पाणी तोंडात घालायचं नाही. घातलं की शब्द गेला, सोयरीक पक्की. अक्काचं लग्न असंच जमलं. आमचे वडील भर उन्हात दाजींचं घर बघायला गेले होते, कुणीतरी तांब्या पुढं केला आणि त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. अक्का अजून म्हणते, “बापूला त्या दिशी तहान लागली म्हणून मी हितं हाय.” दाजी हे ऐकतात आणि दुसरीकडं बघतात.

भाचीनं फोनवर मला मोजकंच सांगितलं. “मामा, बाबांना बिदर दाखव. राजधानी होती, मोठं गाव आहे, माणसं चांगली आहेत, एवढं त्यांच्या मनात भरलं की बास. चारला घरी जायचंय. तोवर फिरव त्यांना.” जरा थांबून म्हणाली, “अन् मामा, तू डोकं लावू नको.”

आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना कारणे लिहायला लावली, तो डोकं न लावता कसा राहील?

माझं डोकं असं चाललं. दाजी पाटावर बसवले की दगड होतात. बैठकीत हं म्हणणार नाहीत. पण झाडाखाली, पारावर, बसमध्ये अनोळखी माणूस भेटला की अर्ध्या तासात त्याच्या बोअरला किती पाणी आहे ते काढून घेतात. म्हणजे मुलाचे वडील त्यांना आधी अनोळखी म्हणून भेटायला हवेत. किल्ल्यात योगायोगानं गाठ पडावी, गप्पा व्हाव्यात, सूर जुळावा, आणि चारला घरी गेल्यावर दाजींनी म्हणावं, अरे, हे तर तेच. वा. मी स्वतःवरच खूश झालो.

भाचीकडून मुलाच्या वडिलांचा नंबर घेतला. तिला कारण सांगितलं नाही. वडिलांच्या डीपीला गुलाबाचं फूल होतं, पण आवाज अदबीचा. मी बेत सांगितला. त्यांना तो फारसा रुचला नसावा, पण मुलीचा मामा म्हणतोय म्हटल्यावर ते हौ, हौ करत राहिले. मी म्हटलं, किल्ल्याच्या दरवाज्यापाशी थांबा, मी खोकेन, मग सहज बोलल्यासारखं बोलायला लागा. तोवर ओळख दाखवायची नाही.

“अन् तुम्ही खोकलाच न्हाईत तर?” त्यांनी विचारलं.

“तर थांबायचं.”

“हौ. थांबतो.”

तुम्हाला ओळखायचं कसं, असं विचारल्यावर ते म्हणाले, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, डोक्यावर पांढरी टोपी. मी म्हटलं झकास, लांबूनच ओळखतो. मराठवाड्यात जन्मलेला, याच मातीत टक्कल पडलेला मी माणूस. या वर्णनाला मी झकास म्हटलं.

आदल्या दिवशी मी औशाला मुक्कामाला गेलो आणि सकाळी माझ्या जुन्या गाडीतून तिघं निघालो. दाजी पुढं, अक्का मागं. अक्काजवळ धपाटी, ठेचा आणि दह्याचा डबा. दाजींच्या पायाशी घरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन, परमुलखातला एक घोटही घशात जाऊ नये म्हणून. निलंगा गेलं, औराद गेलं, आणि मग पाट्या बदलल्या. दाजींनी चष्मा पुसला, पाटी बघितली, परत पुसला.

“वाचता येईना मास्तर.”

मी म्हटलं, दाजी, आपली राजधानी हैदराबाद होती तेव्हा आपल्या आज्याला तरी कुठं उर्दू वाचता येत होतं? जगलाच ना माणूस.

“जगला,” दाजी म्हणाले. “पर त्यानं लेक दिली नव्हती हैदराबादला.”

भालकी मागं पडली तशी माती लाल व्हायला लागली. दाजींनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून एक ढेकूळ उचललं, चुरून बघितलं आणि टाकून दिलं. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या माणसाला लाल माती दाखवणं म्हणजे पैलवानाला पोहे वाढण्यासारखं आहे. खातो, पण मनातून नाही. मी मात्र त्या लाल मातीनं चेकाळलो. सगळं खरं होतं. पुस्तकात लिहिलेलं बिदर खरोखरच होतं, वर पठारावर, वाऱ्यावर.

आधी त्यांना मदरशापाशी नेलं. ही बहामनी काळातली विद्यापीठाची इमारत. अर्धी स्फोटात गेलेली, दोनपैकी एकच मिनार उभा. त्या उरलेल्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांची नक्षी अजून चिकटून आहे. ती निळाई उन्हात अशी चमकली की मी भान विसरलो. पुस्तकात हे चित्र काळं-पांढरं आहे हो. मी वर्षानुवर्षं पोरांना ‘रंगीत फरशांचे अवशेष’ असं शिकवत होतो, त्यातला रंगीत हा शब्द माझ्यापर्यंत त्या दिवशी पोचला. मी हात हलवत सांगत सुटलो, इराणहून विद्वान यायचे, इथं वर्ग भरायचे, ग्रंथालय होतं, वसतिगृह होतं. दोन कॉलेजची पोरं थांबून ऐकायला लागली, तसा मी आणखी फुगलो. मागं मागं सरकत मिनार दाखवताना फुलझाडांच्या वाफ्यात गेलो आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो.

दाजींनी हात देऊन मला बाहेर ओढलं. “माती चिकट हाय,” ते म्हणाले. सकाळपासून बिदरबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द.

बूट झटकून आम्ही किल्ल्याकडं निघालो. गाडी बाहेर लावली. माझा फोन चार्जिंगला लावलेला तसाच गाडीत राहिला. पाण्याचा कॅनही राहिला, कारण मीच म्हटलं, राहू द्या दाजी, किल्ला केवढा असून असून असेल?

किल्ला केवढा होता ते पुढं कळलं.

खडकात खोदलेला तिहेरी खंदक ओलांडला आणि दगडात कोरलेल्या दोन वाघांचा तो शर्झा दरवाजा समोर आला. मी वाघ बघितले, अंगावर काटा आला, आणि मग खाली बघितलं तर दुसरा काटा आला. दरवाज्यासमोर एक खाजगी बस उभी होती. देवदर्शनाला निघालेली. नृसिंह झरणीला पाण्यातून चालत दर्शन झालेलं, गुरुद्वाऱ्यात लंगर जेवून झालेलं, आणि आता किल्ला. त्या बसमधून माणसं उतरत होती. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. मागून आणखी एक. त्याच्या मागं आणखी. जणू कापसाच्या पळाटीला एकाच दिवशी सगळी बोंडं फुटली होती.

मी घाबरलो नाही. खूण ठरलेली होती ना? मी खणखणीत खोकलो.

झाडाखाली एक धिप्पाड गृहस्थ मंडळीपासून जरा बाजूला उभे होते. त्यांनी वळून बघितलं, हसले, थेट माझ्याजवळ आले आणि खिशातून पुडी काढली. “पाव्हणं, घसा धरलाय जणू. ही लवंग धरा दाढंत.”

काय माणूस आहे, मी मनात म्हटलं. खोकल्याच्या खुणेला लवंगेचं उत्तर. इतकं सहज मला दहा जन्मांत सुचलं नसतं. मी लवंग दाढेत धरली, त्यांना डोळा मारला, आणि दाजींना म्हटलं, चला, हेही एकटेच दिसतात, बरोबर फिरू.

डोळा मारल्यावर ते जरा दचकले होते. ते मी अभिनयात धरलं.

आम्ही चौघं आत शिरलो. आणि आमच्या मागून कुणीतरी खोकलं.

मी वळून बघितलं. एक किडकिडीत, वयस्कर माणूस. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. मी बघितल्यावर तो भिंत न्याहाळू लागला. आम्ही रंगीन महालापाशी थांबलो, तो थांबला. सोळा खांबांच्या मशिदीत गेलो, तो एका खांबाआड. आणि मधून मधून खोकायचा, बारीक, विचारल्यासारखा. मी अक्काला हळूच सांगितलं की पर्स पुढं घे, हा खिसेकापू आहे. अक्का म्हणाली, कवाधरनं बघून राहिले मी, बिचाऱ्याला खोकला हाय, त्याला दे की एक लवंग.

इकडं माझा बेत फळाला येत होता. दाजींनी एका पडक्या कमानीकडं बोट दाखवून धिप्पाड गृहस्थांना विचारलं, ह्यो महाल कुणाचा? ते म्हणाले, “व्हता कुणाचा का असंना, आता कबुतराचा हाय.” दाजी हसले. खरोखर हसले, टोपी सरकवून. मग सोयाबीनचा भाव निघाला, बोअर निघालं, रानडुकरं निघाली. दोघं पुढं, मी मागं, आणि मला वाटलं, बहामनी सुलतानाला राजधानी हलवून झाल्यावर असंच वाटलं असेल. इथंच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, दाजींच्या कानावर घरची माणसं कशी आहेत तेही पडावं. म्हणून मी विचारलं, घरी सुना किती आपल्याला?

“दोन हायत. थोरली माहेरी धाडली. तिचा पाय घरात पडला अन् बोअर आटलं.”

मी लवंग चावली.

“अन् धाकटी?”

“धाकटी बरी हाय. तिचा मोबाईल म्या ठेवतो.” त्यांनी वरचा खिसा थोपटला. आणि खरंच, त्याच क्षणी त्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, कानाला लावला, “ती कामात हाय,” एवढं सांगून बंद केला आणि आम्हाला म्हणाले, “तिची आई. रोज करती.”

दाजी थोडं चालून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अशाच्या घरात लेक पडली म्हंजी?”

माझ्या पोटात खड्डा पडला, तिहेरी, खडकात खोदलेला. हाच माणूस मुलाचा बाप, आणि त्याला आणायची आयडिया माझी. डोळ्यांसमोर भाची आली. कॉलेजात शिकवणारी, मला मामा म्हणून दरडावणारी, आणि तिचा मोबाईल ह्याच्या वरच्या खिशात. त्या क्षणी मी ठरवलं, ही सोयरीक होता कामा नये. भाची रडेल, बोलणार नाही माझ्याशी, चालेल.

सकाळपासून ज्या तोंडानं बिदर उभं केलं होतं, त्याच तोंडानं पाडायला घेतलं. तुटक्या भिंती दाखवून म्हटलं, बघा, नुसता दगडमातीचा ढीग. म्हटलं, ऊन किती, सावली नाही. पाट्या वाचता येत नाहीत, लेकीचे हाल होतील, तुमचंच बरोबर आहे दाजी, चारला जायलाच नको, इथूनच परत फिरू.

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं ते बिघडलेल्या मोटारीकडं बघतात. “सकाळी तर दिल्लीपरीस मोठं म्हणत व्हतास.”

आणि मग एक गंमत झाली, जी मला आधी कळायला हवी होती, कारण या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. दाजींना कुणी एका अंगाला ओढलं की ते दुसऱ्या अंगाला जातात. ते म्हणायला लागले, ढीग कसा म्हणतूस? सांधा बघ दगडाचा, सुई जायची न्हाई. पाण्याची काय सोय केलीय बघ, भुयारातनं पाणी खेळवलंय. ज्यानं गडावर पाणी चढवलं, तो येडा असंल व्हय? मी जेवढं बिदर पाडावं तेवढं ते बांधत गेले. मी रडकुंडीला आलो. माझा पहिला बेत मी सोडून दिल्यावर पूर्ण यशस्वी होत होता.

तख्त महालाच्या मागं जाता जाता एक अरुंद जिना लागला. अक्का आणि बसमधल्या दोघी-तिघी बायका खाली उतरत होत्या. धिप्पाड गृहस्थ त्यांच्यातून खांदे मारत वर गेले. माझा खिसेकापू मात्र जिन्याच्या कडेला सरकला, भिंतीकडं तोंड करून, बाटली छातीशी धरून, सगळ्या बायका उतरेपर्यंत उभा राहिला. अक्कानं ते बघितलं. तिनं बघितलेलं मीही बघितलं, पण त्या वेळी मी मोबाईल असलेल्या वरच्या खिशाचा विचार करत होतो.

शेवटी तटावरच्या त्या मोठ्या तोफेपाशी पोचलो. मागं तट एकदम तुटतो आणि खाली मैलोन्‌मैल सपाट मुलूख पसरलेला दिसतो. वारा असा आला की मी सगळं विसरलो. इथून बघितल्यावर कुणीही राजधानी हलवली असती. तीनच गुण कशाला, पाच द्यायला हवेत, असं मी म्हणतोय तोवर मागं अक्का ओरडली. दाजी तोफेच्या ओट्यावर बसले होते. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. सकाळपासून कपभर चहावर आलेला माणूस, आणि वर हे ऊन.

अक्कानं पाणी मागितलं. पाणी गाडीत. गाडी किल्ल्याबाहेर. किल्ला केवढा, ते आता कळलं. मी धिप्पाड गृहस्थांकडं धावलो, म्हटलं पाणी आहे का? त्यांनी घड्याळ बघितलं.

“पाणी न्हाई बा. अन् मी चाललो, आमची गाडी सुटायली उमरीला.”

“उमरी?”

“मग? हितं काय बिदरात राहतो काय मी?” आणि जाता जाता दाजींना हात करून ते जिन्यानं उतरून गेले.

आमच्या नांदेड जिल्ह्यातला माणूस निघाला. उमरीचा. मी तोफेला हात लावून उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या शेजारून तो खिसेकापू पुढं गेला. त्यानं ओलं फडकं सोडलं, ते दाजींच्या मानेवर ठेवलं आणि बाटली त्यांच्या तोंडाला लावली. दाजी प्यायले. एका दमात अर्धी बाटली, आमच्या वडिलांसारखी, घटाघटा. मग डोळे उघडून म्हणाले, “ग्वाड हाय पाणी. कुठलं?”

“घरच्या आडाचं,” तो माणूस म्हणाला. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

आवाज. अदबीचा. गुलाबाचं फूल.

मला एकदम ठसका लागला. दाढेतली लवंग घशात गेली आणि मी असा खोकलो, असा खोकलो की पारवे उडाले. तो माणूस मी थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, “आता बोलू का?”

दाजी उठून बसले. “काय बोलायचंय?”

मग सगळं सांगावंच लागलं. मी सांगायला घेतलं आणि मधेच अडखळलो, तेव्हा उरलेलं त्यांनी सांगितलं, माझी लाज राखून. मास्तरांचा काही दोष न्हाई, आम्हीच मागं राहिलो, म्हणाले. खोकला ऐकू आला होता, पुढं झालो तर दुसरे कुणी आधीच बोलून राहिले होते, वाटलं तुमच्याच घरचे असतील. फोन केला, कुणी उचलला न्हाई. मग म्हटलं, थांबा म्हणालेत तर थांबू.

दाजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता, पण तो कुठला रंग ते मला ओळखता येईना. त्यांनी बाटलीकडं बघितलं. मुलाच्या घरचं पाणी. आडाचं. अर्धी बाटली. अक्काचा जीव डोळ्यांत आला होता, आणि लातुरात एक मुलगी फोन हातात घेऊन बसली असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मुलाच्या वडिलांनाही ती रीत ठाऊक असावी, त्यांच्याकडंही असेल. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, “दाजीसाहेब, हे मोजायचं नसतं. ठाऊक नसताना पिलेल्या पाण्याला शब्द म्हणत न्हाईत. तुम्ही मोकळे आहात. घर बघा, मग काय ते सांगा.”

दाजी खालच्या मुलखाकडं बघत बसले. मी तोंड उघडणार होतो, पण सुदैवानं घसा अजून सोलवटलेला होता.

अक्का पुढं झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढं केला. मुलाच्या वडिलांना आधी कळलं नाही. मग त्यांनी बाटली दिली. अक्कानं झाकण उघडलं, आणि सावकाश, एकेक घोट घेत, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली. पदरानं ओठ टिपले.

“माझ्या बापानं तहानंनं पिलं व्हतं,” ती दाजींना म्हणाली. “म्या बघून पिले.”

दाजींनी फक्त टोपी काढून झटकली आणि परत घातली. आम्ही किल्ल्याच्या दरवाज्याकडं निघालो. दोन दगडी वाघांखालून जाताना मी त्यांच्याकडं चोरून बघितलं, तर ते वाघांकडं बघत होते. गाडीत फोनवर मिस्ड कॉलची रांग लागली होती, सगळी गुलाबाची फुलं. शेवटी भाचीचा एक मेसेज. ‘मामा, तू डोकं लावलंस का?’ मी उत्तर दिलं नाही.

मुलाचे वडील स्कूटरवरून पुढं निघाले, आम्ही मागून. म्हणाले, माझ्या मागं या, सोपं आहे. गल्ल्या अरुंद, गर्दी ही, आणि मी त्या पांढऱ्या टोपीवर नजर रोखून गाडी चालवत होतो, या खेपेला चूक नाही म्हणजे नाही. गावाच्या मधोमध चौबारा म्हणून एक गोल, जुना बुरूज आहे, चारी बाजूंनी रस्ते येऊन त्याला वळसा घालतात. आमची गाडी त्या वळशात शिरली आणि समोर दोन स्कूटर होत्या. दोन्हींवर पांढरा शर्ट. दोन्हींवर पांढरी टोपी. एक उजवीकडं वळली, एक डावीकडं.

मी ब्रेक दाबला. मागून हॉर्नांचा कल्लोळ उठला. इतिहासाचा मास्तर राजधानीच्या ऐन मध्यावर येऊन अडकला. मग मी उजवीकडं वळवायला चाक फिरवलं.

दाजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि चाक दुसरीकडं ओढलं.

“तिकडं कुठं?” ते म्हणाले. “आपलं पाव्हणं डावीकडं गेलं.”

मागच्या सीटवर अक्काजवळच्या धपाट्याच्या डब्याचं झाकण तेवढं उघडल्याचा आवाज आला आणि तिनं एक धपाटं घडी करून पुढं माझ्या हातात दिलं. सकाळपासून मला खायला कुणी विचारलं नव्हतं. तहानही लागली होती, पण बाटली रिकामी होती. मी धपाटं दातात धरलं आणि डावीकडं वळलो.